लग मांगे

हसमुखभाईच्या टायरच्या दुकानासमोर दगाने ट्रक उभा केला तेव्हा आपल्याला कोणते टायर हवेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते मुलगा आपल्याला घेऊ देणार नाही हेही ठाऊक होतं. म्हणून तो केबिनमधून लवकर उतरला नाही. इंजिन बंद करून नुसता बसून राहिला.

टायर पार गेले होते. पुढचे दोन आणि मागच्या जोड्यांचे चार, सहाच्या सहा. गेलं वर्षभर गाडी फक्त हायवेवर पळाली होती. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या मिलमधून कापडाच्या गाठी भरायच्या, भिवंडीला उतरवायच्या, मिळेल तो माल घेऊन परत यायचं. सरळ रस्ता, सरळ काम. त्याआधी मात्र दगाचं वर्ष दोन कामांत वाटलेलं असे. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात कापड. दिवाळी झाली की ऊस. बारडोलीच्या बाजूच्या शेतांत गाडी घालायची आणि ऊस भरून कारखान्यावर न्यायचा. तिकडे कालव्याचं पाणी असतं. पाऊस नसला तरी शेताच्या तोंडाशी चिखल असतोच, आणि हिवाळ्यात एखादी अवकाळी सर आली की विचारूच नका.

हसमुखभाई गल्ल्यावरून उठून आला. जुना माणूस, दगाची गाडी पहिल्या टायरपासून ओळखणारा. त्याची एक ठरलेली थट्टा होती. "आओ दगाभाई. नाम में ही दगा, और टायर चाहिए भरोसे का." दगाच्या आधीची दोन पोरं गेली म्हणून आईने याचं नाव असं ठेवलं होतं, की मरणालाही हे पोर नकोसं वाटावं. खानदेशात अशी नावं घरोघरी असतात. सुरतेत ते प्रत्येकाला समजावून सांगायचा दगाला कधीच कंटाळा आला होता. तो नुसता हं म्हणाला.

हसमुखभाईने तीन टायर भिंतीला टेकवून दाखवले. दगाला बघायची गरज नव्हती, तरी त्याने बघितले. पहिला रिब, म्हणजे लांबीत सरळ पट्ट्यांचा. डांबरावर हा मुकाट पळतो, तापत नाही, डिझेल कमी पितो. पण गाऱ्यात, चिखलात, त्या सरळ खाचा भरून जातात आणि चाक जागच्या जागी फिरत राहतं. दुसरा लग, जाड आडव्या ठोकळ्यांचा. हा चिखलाला पाय रोवून गाडी ओढतो, पण हायवेवर गुरगुरतो, तापतो आणि लवकर झिजतो. तिसरा नवीन निघालेला. मध्ये पट्ट्या, कडेला ठोकळे. हसमुखभाई म्हणाला, हा दोन्हीकडे चालतो.

दगा म्हणाला, आमच्यात म्हणतात दोन घरचा पाहुणा उपाशी. हा तसला टायर आहे.

त्याची स्वतःची रीत साधी होती. पुढे रिब, मागे लग. पुढची चाकं वाट धरतात, मागची ओझं ओढतात. ज्याला जे काम त्याला तसा टायर. किती वर्षं गाडी अशीच चालली, हायवेलाही आणि उसातही. आताही त्याला तेच हवं होतं. पण मुलाचा, कुंदनचा, फोन आधीच येऊन गेला होता. हसमुखभाईने सांगितलं, लडका बोला है, छहों रिब डालना. खेत का काम बंद है.

दगा म्हणाला, उद्या सांगतो. गाडी तिथेच ठेवून तो पायी घरी निघाला.

शेताचं काम बंद आहे, हे कुंदनने तापीच्या घाटावर ठरवलं होतं. दगाला न विचारता.

दगाची बायको भागीरथी गेली ती गेल्या उसाच्या हंगामात. त्या दिवशी दगा बारडोलीकडे होता. कालव्याची चारी रात्रीतून फुटली होती, आणि भरलेली गाडी शेताच्या तोंडाशीच रुतली. शेतात फोनला रेंज नाही. ट्रॅक्टर येऊन गाडी निघेपर्यंत दुपार कलली, आणि रस्त्यावर आल्यावर फोन वाजला तेव्हा भागीरथी दवाखान्यात होती आणि बोलत नव्हती. तो पोचला तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. ते पुन्हा उघडले नाहीत. मेंदूत रक्त उतरलं होतं.

घरी होती ती एकटी सोनाली, कुंदनची बायको. सासू मोरीत भांडी घासता घासता बसली ती उठली नाही. एक हात उचलेना, जीभ जड झाली. सोनालीने तिला कसंबसं खाटेवर घेतलं आणि ती मागेल ते दिलं. नंतर रडत रडत तिने सगळ्यांना हेच सांगितलं: आई सारख्या काहीतरी मागत होत्या. पाणी दिलं, चहा दिला, मिसरी दिली, देवाची तसबीर आणून दाखवली, मामांना, म्हणजे सासऱ्यांना, फोन लावला. काही केलं तरी मागायच्या थांबेनात. शेवटी कुंदनला बोलावलं.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. मग लोकांनी चालू केलं. बाई काहीतरी मागत होती ना, मग ते द्या. कोणी म्हणालं, तिला माहेरी जायचं असेल. कोणी म्हणालं, लुगडं हवं असेल. दगाची चुलत बहीण उषाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "काय मागेल? नवराच मागत होती. नवरा चिखलात बसला होता." लोक दगाकडे बघायला लागले. कारण सगळ्यांना ते पटलं. तेव्हा कुंदन पुढे झाला, हात जोडून नदीकडे तोंड करून म्हणाला, आई, आबांना आता उसाच्या चिखलात जाऊ देणार नाही. माझा शब्द. लोक जरा मागे सरले आणि कावळा उतरला. तो भातासाठी उतरला की शब्दासाठी, हे कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून तो भागीरथीचाच शब्द झाला. तिची शेवटची इच्छा. नातेवाइकांत, चाळीत, मिलच्या गेटवर. बायको मरताना हाका मारत होती आणि हा गाऱ्यात होता, अशी नजर दगाने वर्षभर अंगावर घेतली. नजर खोटी आहे असंही त्याला म्हणता येईना. होताच तो गाऱ्यात.

त्याला गिळवत नव्हती ती एकच गोष्ट. भागीरथीला ऊस आवडायचा. सुरतेत ती साड्यांवर टिकल्या चिकटवायची, दार लावून, मान खाली घालून. गुजराती तिला आयुष्यभर आली नाही, हिंदीही जेमतेम. हंगामात मात्र ती आठवड्यातून एकदा गाडीत बसून यायची. ऊसतोडीच्या टोळ्या नंदुरबार-साक्रीकडच्या, बायका तिच्या बोलीतल्या. तिथे ती ट्रकच्या सावलीत बसून दिवसभर अहिराणीत बोलायची, वर्षाचं बोलून घ्यायची. येताना केबिनमध्ये घसा बसलेला असायचा. त्या बाईने मरताना नवऱ्याला शेत बंद करायला सांगितलं? मग खरंच काय मागत होती ती? वर्षभर दगा ताटावर बसला की त्याला हेच आठवायचं. तिला काहीतरी हवं होतं आणि ते कोणी दिलं नाही, आणि ते आपणच होतो असं लोक म्हणतात.

आणि आता हंगाम पुन्हा आला होता. मुकादम चिंधाने निरोप धाडला होता, गाडी आणा, टोळी बसून आहे.

त्या संध्याकाळी घरी कुंदन आणि त्याचं वाजलं. कुंदनचं म्हणणं हिशोबाला धरून होतं. हायवेचं काम बारा महिने आहे, त्याला रिबच पाहिजे, लग घालून डिझेल का जाळायचं? दगा म्हणाला, तू मला टायर शिकवू नको. कुंदन म्हणाला, टायरचं नाही आबा, आईचं आहे. तिथे बोलणं संपलं. भागीरथीचं नाव निघालं की घरातलं बोलणं तिथेच संपायचं. ते वापरायला सोपं झालं होतं.

सकाळी दगाने ठरवलं. शब्द कुंदनने दिला होता, आपण नाही. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि हसमुखभाईला फोन लावला. एरवी तो दुकानात नीट हिंदीत बोलायचा. पण रात्रीचा राग डोक्यात होता आणि रागात माणसाची घरचीच बोली बाहेर येते. "हसमुखभाई," तो म्हणाला, "लग मांगे. मांगे लग, समजनं का?" तिकडे मशीनचा आवाज होता. हसमुखभाई म्हणाला, समझ गया दगाभाई, समझ गया.

दुपारी जाऊन बघतो तर गाडीला सहाही टायर लग. पुढचे दोनसुद्धा.

दगा भडकला. पुढे लग घालून हायवेवर स्टिअरिंग कोण धरणार, तुम्ही? हसमुखभाईही चढला. त्याने बोटांवर मोजून सांगितलं: लडका रिब बोलता था. सुबह आपका फोन आया. आपने साफ बोला, लग मांगे. आप मालिक हो, आपने लग मांगे, हमने लग डाले. बाप-बेटे की लड़ाई में दुकानदार क्या करे?

"अरे मांगे म्हणजे पीछे," दगा म्हणाला. "पीछे लग. हमारे में पीछे को मांगे बोलते हैं."

हसमुखभाई क्षणभर बघत राहिला आणि पोट धरून हसायला लागला. "हमारे में मांगे मतलब मांगे. कुछ चाहिए, तो मांगे." चाक खोलणारा गोपालही पाना खाली ठेवून हसला. दगालाही हसू आलं. एवढी वर्षं सुरतेत राहून असली चूक व्हावी. भागीरथीला सांगितली असती तर ती दोन दिवस हसली असती.

आणि त्याचं हसू तिथेच थांबलं.

गोपाल पुढची चाकं उतरवायला लागला. हसमुखभाई काहीतरी विचारत होता, चहा सांगू का म्हणत होता. दगाने पुढे रिब, मागे लग एवढंच सांगितलं, हाताने चाकं दाखवून सांगितलं, आणि घरी निघाला. वाटेत तो स्वतःला समजावत होता की हे काहीच नाही. सोनाली मराठी बोलते. पण कसलं मराठी? तिचे आईबाप लातूरकडचे, ती जन्मली इथेच सुरतेत, कोसाडला, शिकली गुजराती शाळेत. कुंदनशी ती गुजरातीतच बोलायची. सासूची अहिराणी तिला निम्मी कळायची, निम्मी ती अंदाजाने घ्यायची, आणि दोघींचं तेवढ्यावर बरं चालायचं.

सोनाली दारात साडी पसरून टिकल्या लावत बसली होती. सासूचंच काम आता ती करायची. दगा समोर बसला. पाणी मागितलं, प्यायला. मग म्हणाला, बाई, एक विचारतो, रडू नको. त्या दिवशी ती मागत होती म्हणालीस. तिच्या तोंडचा शब्द काय होता? तू काय समजलीस ते नको. ती काय म्हणाली ते सांग.

सोनालीने हातातली टिकली बोटावरच ठेवली. "शब्द कुठला मामा. जीभच वळत नव्हती. 'मांगे' म्हणायच्या. 'मांगे, मांगे' एवढंच. मी विचारायची, काय पाहिजे, तर पुन्हा तेच. डोळ्यांतून पाणी यायचं त्यांच्या. मी ह्यांना फोनवर तेच सांगितलं, मम्मी कंईक मांगे छे." ती थांबली. "एक आहे मामा, मी त्यांना काही कमी पडू दिलं नाही. घरात होतं ते सगळं दिलं. तेवढं एक समाधान आहे मला."

दगा म्हणाला, हो. बरं केलंस.

मागायचं असतं तर भागीरथी 'दे' म्हणाली असती. 'पानी दे', 'चहा दे'. मरणाऱ्या माणसाला एक अक्षर सोपं. ती मागत नव्हती. ती कुठे दुखतंय ते सांगत होती. मांगे. डोक्याच्या मागे. हात उचलत नव्हता म्हणून दाखवता येत नव्हतं. आणि तिच्यासमोर पाणी येत होतं, चहा येत होता, देव येत होता.

तो तसाच उठला आणि कुंदनच्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर गेला. कुंदन गाठी मोजून घेत होता. बापाचं तोंड बघून त्याने हमालांना थांबायला सांगितलं आणि त्याला मागच्या अंगाला नेलं.

दगाने टायरची गोष्ट सांगितली. हसमुखभाई काय समजला ते सांगितलं. पुढचं सांगायची वेळ आली नाही. कुंदनने मान खाली घातली होती. कोणी नवी गोष्ट ऐकताना अशी मान घालत नाही.

"तुले कव्हय समजनं?" दगाने विचारलं.

"रिक्षामा," कुंदन म्हणाला. "दवाखान्यात नेताना. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मांगे म्हणाली, आणि मी हात डोक्यामागे नेला तर डोळे मिटून घेतले तिने." मग त्याने आधीचं सांगितलं. "फोनवर सोनाली गुजरातीत बोलली, मी गुजरातीतच ऐकलं. काहीतरी मागते, बरी असेल, असं वाटलं. दोन गाड्या भरून मग निघालो मी."

डॉक्टर म्हणाला होता, सकाळीच आणलं असतं तर काही करता आलं असतं. ते दगानेही ऐकलं होतं. तेव्हा त्याला वाटलं होतं, डॉक्टर सगळ्यांनाच तसं म्हणतात.

"आणि घाटावर?"

कुंदनने घाटाचं खरं सांगितलं. उषाआत्या बोलली तेव्हा लोकांचं बोट तुमच्याकडे गेलं. ते तसंच राहू दिलं. नाहीतर कोणीतरी विचारलं असतं, बाई नक्की काय म्हणत होती, आणि तिथे अर्धा घाट अहिराणी बोलणारा होता. शब्द निघाला असता तर सगळ्यांना कळलं असतं. सोनालीला कळलं असतं. म्हणून ऊस, चिखल, शब्द. कोणी पुन्हा विचारू नये म्हणून.

"तिला कळलं तर ती जगायची नाही, आबा," कुंदन म्हणाला. "तुम्ही सोसाल. म्हणून तुमच्यावर ढकललं."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

दगाने पोराकडे बघितलं. त्याला मारावंसं वाटलं, आणि हा आपल्या बायकोसाठी एवढं खोटं बोलला याचा हेवाही वाटला. आपल्याला भागीरथीसाठी खोटंसुद्धा बोलता आलं नव्हतं. आपण तिथे नव्हतोच.

"मी उसात जाणार," तो म्हणाला.

कुंदनने एवढंच विचारलं, सोनालीला काय सांगणार? दगा म्हणाला, काही नाही. तू म्हणालास ना, मी सोसतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी चाळीच्या तोंडाशी उभी होती. पुढे रिब, मागे लग, नव्या रबराचा वास अजून जात नव्हता. सोनाली डबा घेऊन खाली आली. मागच्या चाकांकडे बघून थांबली. तिलाही एव्हाना टायर कळायला लागले होते.

"शेतात चाललात?"

"हो."

"आईंनी मरताना एकच गोष्ट सांगितली होती मामा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "एकच. मी होते तिथे. मी ऐकलंय. तुम्हाला तेवढंही ठेवता येत नाही?"

दगाने तिच्याकडे नीट बघितलं. पोरगी भागीरथीसाठी भांडत होती. तोंडाशी आलेला शब्द खाली ढकलायला त्याला जोर लागला.

"नाही ठेवता येत," तो म्हणाला.

तिने डबा त्याच्या हातात दिला नाही. गाडीच्या पायरीवर ठेवला आणि चाळीत निघून गेली. जाताना म्हणाली, तुम्हाला आई गेल्याचं काही नाहीच. दोन घरांची दारं उघडी होती, त्यांनी ते ऐकलं.

कुंदन गॅलरीत उभा होता. तो खाली आला नाही.

शेतावर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. तोंडाशी गारा होताच. मागचे टायर रुतले, आडव्या ठोकळ्यांनी तळ धरला आणि गाडी एका दमात आत गेली. टोळीतल्या बायका बाजूला झाल्या. त्यातल्या एक-दोघींनी केबिनच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे बघितलं, सवयीने, आणि मान वळवली.

मुकादम चिंधा कोयता खांद्यावर टाकून आला. चाकांकडे बघून शाबासकी देत म्हणाला, ह्या बरं करा, मांगे लग टाका. मग जरा जवळ येऊन, आवाज उतरवून विचारलं, "पन वहिनीनी तं नको सांगेल व्हतं ना? लोक म्हनतस."

आजूबाजूला सगळी तिच्या बोलीची माणसं होती. इथे एक शब्द सांगायचा अवकाश, कोणालाही अर्थ फोडून सांगावा लागला नसता. आणि इथलं बोलणं हंगाम संपता संपता सुरतेत पोचतं.

"हा," दगा म्हणाला. "सांगेल व्हतं."

चिंधाने मान हलवली आणि दोन पावलं लांब झाला. दगाने मागचा फाळका पाडला आणि मोळ्या चढवायला घ्या म्हणून सांगितलं.